शाळेतल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचा व्यायाम आणि आहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेतल्या शाळेत कर्मचाऱ्यांचा एक आरोग्य गट सुरू केला. शिक्षक, लिपिक, शिपाईमामा, खिचडी शिजवणाऱ्या ताई असे सगळे त्यात आहेत. तेव्हापासून तालुक्यातल्या शिक्षकांचे फोन येतात, प्रशिक्षणाला भेटलं की कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. ज्यांना मधुमेह, हृदयविकार, गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मुलांच्या आरोग्याचे इतके कार्यक्रम असताना कर्मचाऱ्यांसाठी वेगळं काही कशाला?

मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, जंताच्या गोळ्या येतात, लोहाच्या गोळ्या येतात. ते सगळं व्हायलाच हवं. पण त्या गोळ्या वाटणाऱ्या बाईंचं हिमोग्लोबिन किती आहे, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात आपल्या स्टाफरूममधले किती, हे आपल्याला ठाऊकच नसतं.

आमच्याकडे गणिताचे एक सर बोर्डाच्या परीक्षेला सुपरव्हिजन करताना भोवळ येऊन खाली बसले. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब 190/110. वय 44. त्याआधी त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही सहा-सातजण दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलो होतो आणि आपापसात विचारत होतो, "तुम्ही शेवटचा कधी मोजलात?" एकालाही सांगता आलं नाही. आमचा गट तिथे सुरू झाला.

बाहेरच्या जगात हा विचार नवा नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2014 साली शालेय आरोग्याची जी दहा अंगं मांडली, त्यांत कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य हे एक स्वतंत्र अंग आहे.

सुरुवात कशापासून करावी?

पाणी आणि स्वच्छतागृह यांपासून. योगशिबिर, आहारतज्ज्ञांचं व्याख्यान, पावलं मोजायचं घड्याळ हे सगळं नंतर.

माझंच सांगते. नोकरीला लागल्यापासून मी घरून पाण्याची लिटरची बाटली आणत असे आणि संध्याकाळी ती जवळजवळ भरलेलीच घरी जात असे. कारण साधं होतं. बायकांचं स्वच्छतागृह मुलींच्या स्वच्छतागृहांना लागून, मैदानाच्या टोकाला. कडी धड लागत नाही, आत दिवा नाही, आणि एका तासाहून दुसऱ्या तासाला जाताना मध्ये एक मिनिटही मिळत नाही. मग पाणीच प्यायचं नाही, हा उपाय. वर्षातून दोन-तीनदा उन्हाळी लागायची, लघवीचं इन्फेक्शन व्हायचं, औषधं व्हायची. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत असताना किती वेळा जाता?" मी म्हटलं, "जात नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा कळलं की नऊपैकी सातजणींची हीच गत आहे, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हा फक्त आपलाच त्रास.

आम्ही मुख्याध्यापकांना एक कागद दिला. त्यात चारच गोष्टी होत्या: आतून लागणारी कडी, दिवा, झाकणाची कचरापेटी आणि दिवसातून दोनदा सफाई. आठवड्याभरात झालं. पाचवी गोष्ट वेळापत्रकात केली. केरळमधल्या शाळांनी मुलांसाठी पाण्याची घंटा सुरू केली होती, तीच कल्पना उचलली. तिसऱ्या आणि सहाव्या तासानंतर घंटा होते, मुलंही पाणी पितात आणि शिक्षकही पितात. फळ्यासमोर उभं राहून मुलांदेखत पाणी पिताना सुरुवातीला आम्हाला संकोच वाटायचा. आता "बाई, तुमचं राहिलं," असं मुलंच सांगतात.

याला पैसे किती लागतात?

फारसे नाहीत. रक्तदाब मोजायचं डिजिटल यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं, कंबर मोजायची टेप शिवणकामाचीच चालते. आम्ही वर्गणी काढली. संस्थेकडे पैसे मागायच्या आधी वेळापत्रकातली दहा मिनिटं मागा. ती मिळवणं जास्त अवघड असतं आणि जास्त उपयोगाचं.

दिवसभर उभेच तर असतो. मग वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो मनापासून विचारलेला असतो, कारण संध्याकाळी पाय खरंच भरून येतात. पण एका जागी उभं राहणं म्हणजे व्यायाम होत नाही. पोटरीचे स्नायू आखडतात-सैलावतात तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. फळ्यासमोर ताटकळत उभं राहिल्यावर हे काम थांबतं, पायावर सूज येते आणि वर्षानुवर्षं असं चाललं की शिरा फुगतात, निळ्या-हिरव्या गाठी दिसू लागतात. शिकवताना बाकांच्या रांगांमधून फिरलं, मधूनच टाचा वर-खाली केल्या, लिहून देताना पाच मिनिटं बसलं, तरी फरक पडतो. स्टाफरूममध्ये वह्या तपासताना समोरच्या खुर्चीवर पाय ठेवायला लाजू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम हवा. मध्यम श्रम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशी चाल. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत असं सांगत, ती अट आता नाही. दोन जिने झपाझप चढलात, तरी ते हिशेबात धरतात. आपल्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण शाळेत सलग मोकळी दहा मिनिटं कुणालाच मिळत नाहीत.

वेळ कुठून काढायचा?

शाळा सुटल्यावर ठेवू नका, एवढं आधी सांगते. आम्ही पहिल्या वर्षी साडेपाचला योगवर्ग ठेवला. कुणाला एसटी पकडायची, कुणाला पाळणाघरातून मूल आणायचं, कुणाच्या घरी सासूबाईंना औषध द्यायचं. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे उरलो, आणि त्यातले तिघे पुरुष.

जे टिकलं ते शाळेच्या वेळेतच बसवलेलं होतं. परिपाठाआधीची पंधरा मिनिटं आठवड्यातून तीन दिवस आम्ही मैदानाला फेऱ्या मारतो. हजेरी नाही, सक्ती नाही. मधल्या सुट्टीत डबा झाला की शतपावली. हा शब्द आपल्या आजी-आजोबांचा आहे आणि जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते, हे आता संशोधनानेही दाखवलं आहे. आम्ही शंभरच्या जागी मैदानाच्या कडेने दोन फेऱ्या करतो आणि त्यातच मुलांवर लक्षही राहतं. वरच्या मजल्यावर तास असेल तर वही आणायला मुलाला पाठवत नाही, स्वतः जातो.

आणि शनिवारची कवायत. शनिवारी सकाळची शाळा असते, पीटीचे सर शिट्टी वाजवतात, मुलं हात वर-खाली करतात आणि आम्ही शिक्षक हाताची घडी घालून रांगा सरळ करत उभे. एका शनिवारी मी रांगेच्या शेवटी उभी राहून कवायत करायला लागले. तिसऱ्या प्रकारात माझा हात चुकला. पाचवीतल्या एका मुलीने मागे वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, माझं मनगट धरून हात सरळ केला आणि पुन्हा पुढे बघून उभी राहिली. पुढच्या शनिवारी आम्ही अकराजण रांगेत होतो. या कवायतीला वेगळा वेळ द्यावा लागत नाही, तो मुळातच वेळापत्रकात आहे.

साडी नेसून व्यायाम कसा करायचा?

चालणं, टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून करायचे जोर, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, खांदे आणि मान मोकळी करणं, हे सगळं साडीत होतं. भिंतीचे जोर फळ्याशेजारी उभं राहूनही घालता येतात. अडचण साडीपेक्षा चपलेची असते. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून भरभर चालू नका, पाय मुरगळतो. आम्ही बहुतेकजणी आता स्टाफरूमच्या कपाटात बूट ठेवतो. पहिल्यांदा साडीवर बूट घातले तेव्हा दोन दिवस चर्चा झाली, मग सगळ्यांना सवय झाली. पंजाबी ड्रेसला हरकत असण्याचं आता बहुतेक शाळांत काही कारण उरलेलं नाही. व्यायामाच्या दिवशी तरी परवानगी मागून बघा.

सूर्यनमस्कार घ्यावेत का?

ज्यांना जमतात त्यांनी जरूर घालावेत. ही तर आपल्या मातीतली गोष्ट. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आपलं जीवितकार्य मानलं, संस्थानातल्या शाळांमध्ये ते नेले आणि स्वतः उतारवयापर्यंत रोज घातले. रथसप्तमीला कितीतरी शाळांत सामूहिक सूर्यनमस्कार होतात. 21 जूनला योग दिन असतो. पण वर्षातले हे दोन दिवस फोटोपुरते उरतात, असं माझं निरीक्षण आहे. वर्षभरात एकदाही न वाकलेल्या पन्नाशीच्या माणसाने रथसप्तमीला एकदम बारा नमस्कार घातले की दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज येतो. दोनपासून सुरू करा, आठवड्याला एक वाढवा.

गुडघे दुखतात, रक्तदाब आटोक्यात नाही, चक्कर येते, काचबिंदू आहे, अशांनी घालू नयेत. त्यांना खुर्चीतले प्रकार द्या. कुणाला श्रद्धेच्या कारणाने नको असतील तर कारण विचारू नका. मैदानाला फेऱ्या मारणंही तितकंच चांगलं.

डब्यात नेमकं काय असावं?

राष्ट्रीय पोषण संस्थेने (हैदराबाद) 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट असं मांडलं आहे: भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस वगैरे 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्य-डाळींची ही वजनं कच्च्या मालाची आहेत. डोळ्यांना सोपं करायचं तर अर्धं ताट भाजी आणि फळांचं.

आता आपला डबा उघडून बघा. चार पोळ्या आणि एका कोपऱ्यात बटाट्याची भाजी. सोमवारी बटाटा, मंगळवारी बटाटा-वाटाणा, बुधवारी पुन्हा बटाटा. दोष कुणाचा नाही. सकाळी पाचला उठून चार-पाच डबे भरणाऱ्या बाईला बटाटा जवळचा वाटतोच, आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर उरेल ते तिच्या डब्यात येतं. तिला "रोज सॅलड आणा" म्हणणं मला पटत नाही. ते वाढीव काम तिच्याच अंगावर पडतं.

आम्ही काम वाटून घेतलं. रोज दोघांची पाळी: एकाने सगळ्यांपुरती मोड आलेली मटकी, मूग किंवा हरभऱ्याची उसळ आणायची, दुसऱ्याने काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, बीट यांतलं जे स्वस्त असेल ते. बाकीच्यांनी फक्त पोळी-भाकरी आणि आपली भाजी. पुरुषांनाही पाळी आहे आणि ज्यांना काही करता येत नाही त्यांनी काकड्या धुऊन आणायच्या, इतकंच. इतिहासाचे आमचे एक सर पहिल्या पाळीला काकड्या न धुता आणि सुरीशिवाय घेऊन आले होते. आज त्यांच्या हातची मुळ्याची कोशिंबीर लोक मागून खातात. महिन्याला प्रत्येकाची पाळी दोन-तीनदा येते, आणि रोज ताटात डाळ आणि कच्चं काहीतरी असतंच.

भाकरीबद्दल एक सांगायचं आहे. सोलापूर भागातली माणसं अजून ज्वारीची भाकरी डब्यात नेतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि शहरातल्या स्टाफरूममध्ये भाकरी आणणारे लोक डबा अर्धवट झाकून खातात. ज्वारी, बाजरी, नाचणीत तंतू भरपूर असतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि नाचणीत कॅल्शियम कितीतरी असतं. डबा उघडा ठेवून खा. आमच्याकडे गुरुवार भाकरीचा ठरला आहे. जोडीला ठेचा असतो, पण तो चवीपुरता. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

चहा सोडावा लागेल का?

नाही. चहाशिवाय स्टाफरूम चालत नाही, हे मलाही मान्य आहे. फक्त हिशेब करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे आठ चमचे, साधारण 32 ते 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असली तर उत्तम, 50 च्या वर तर नकोच. चहाबरोबरची बिस्किटं यात धरलेलीच नाहीत. आम्ही मामांना सांगून चहा बिनसाखरेचा करायला लावला आणि साखर बाजूला ठेवली. ज्याला हवी त्याने घालावी. दुसऱ्या महिन्यात साखरेचा डबा निम्म्यावर आला.

दुसरी गोष्ट वेळेची. डब्यावर लगेच चहा घेऊ नका. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. ज्या बाईंना आधीच रक्त कमी आहे त्यांनी तर तासभर थांबावंच, आणि उसळीवर लिंबू पिळावं, त्याने लोह चांगलं शोषलं जातं.

वाढदिवस, बढती, निवृत्ती… खाऊ आला की काय करायचं?

आमच्या शाळेत महिन्याला चार-पाच निमित्तं होतात. मामा कोपऱ्यावरून वडे आणतात, टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, त्याच्यावर वडे, आणि तेल कागदात उतरून अक्षरं पुसट होतात. आमच्या एका मॅडमच्या वड्याच्या खालच्या बाजूला बाजारभावाचा रकाना उलटा उमटला होता. त्या शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात आणि वर्तमानपत्रात अन्न देऊ नये, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलेलं आहे. पहिला बदल तोच केला, स्टीलच्या ताटल्या घेतल्या.

मग महिन्याचे सगळे वाढदिवस एका दिवशी आणले. त्या दिवशी जे आवडतं ते खायचं, मिसळ असो की जिलबी, कुणी कुणाला टोकायचं नाही. एरवीच्या निमित्तांना फळं, भाजलेले शेंगदाणे, चणे-गूळ, उकडलेली कणसं, खजूर. शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम 2020 मध्ये झाला आहे. मुलांच्या डोळ्यांदेखत मामांनी त्याच फाटकातून वड्यांची पिशवी आत आणायची, हे आम्हालाच बरं वाटेना.

उपवासाच्या दिवशी?

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक पिष्टच. दुपारी झोप येते आणि चार वाजता पुन्हा भूक लागते. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, उकडलेलं रताळं, ताक, केळं असं आणलं तर दिवस नीट जातो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता निरंकार उपवास करू नये. रमजानचे रोजे धरणाऱ्या सहकाऱ्यांना त्या महिन्यात फेऱ्यांचा आग्रह करू नका आणि शक्य असेल तर शेवटचे तास हलके द्या.

पोषण आहाराची खिचडी आम्ही खाल्ली तर?

मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते, ती घ्यावी. पण तो शिधा मुलांच्या हिशेबाने आलेला असतो. कर्मचाऱ्यांचं जेवण त्यावर बसवू नका. परसबाग असेल तर तिथे मात्र हात लावा. कुदळ आणि झारीने होणारा व्यायाम खराच व्यायाम असतो.

वजन कमी करण्याची स्पर्धा ठेवावी का?

ठेवू नका. आम्ही एकदा ठेवली आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. सगळ्यांदेखत काट्यावर उभं राहायचं होतं. आमच्या एका सहकारी मॅडमना थायरॉइडचा त्रास होता. त्या महिनाभर रात्री जेवल्या नाहीत, मग चिडचिड, चक्कर, आणि शेवटी त्यांनी गटात येणंच सोडलं. त्यांना परत आणायला वर्ष गेलं. वजन हा ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. चढाओढ हवीच असेल तर गटागटाने किती दिवस फेऱ्या झाल्या ते मोजा. आमच्याकडे मजल्यांप्रमाणे गट आहेत.

ज्याला स्वतःपुरतं मोजायचं असेल त्याने कंबर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. त्याच्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

तपासण्या कुठे आणि कोणत्या?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र दिलं तर पुष्कळदा पथक शाळेतही येतं. आमच्याकडे आलं. रक्तदाब पुन्हा पुन्हा 140/90 च्या वर, उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.5 टक्के किंवा जास्त, असं काही निघालं तर डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही. सरासरी साखर 5.7 ते 6.4 मध्ये असेल तर आत्ताच चालायला लागा, कारण या टप्प्यावर फरक पाडता येतो.

निकाल ज्याच्या त्याच्या हातात द्या. गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका, कार्यालयात यादी ठेवू नका.

तंबाखू मळणाऱ्या सहकाऱ्यांचं काय?

शाळेच्या आवाराच्या 100 यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी काही खिशांत पुडी असते. चारचौघांत बोलून माणूस दुरावतो. एकट्याला गाठून, "सोडायची इच्छा आहे का?" एवढंच विचारा. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. आमच्या एका मामांनी त्यावर बोलून सोडली, दुसऱ्यांची अजून सुटलेली नाही. आम्ही त्यांच्यासाठी बडीशेपेची डबी ठेवतो.

शिपाई, स्वयंपाकाच्या ताई, बसचे चालक यांनाही घ्यायचं का?

त्यांना सोडून केलं तर मला ते आरोग्याचं काम वाटत नाही. चुलीच्या किंवा गॅसच्या धगीपुढे दोन-तीन तास वाकून मोठी पातेली हलवणाऱ्या ताईंची कंबर आमच्यापेक्षा आधी जाते. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यात आधी शेगडीची उंची वाढवली आणि पातेलं उचलायला दुसरा माणूस ठरवला. त्यांना "व्यायाम करा" म्हणायची गरज नव्हती, काम हलकं करायची होती. बसचालक मात्र बसूनच असतात, त्यांना फेऱ्यांत घ्या. वेळ त्यांच्या सोयीने ठरवा.

मनावरच्या ताणाचं काय? व्यायामाने तो जातो का?

थोडा हलका होतो, झोप सुधारते. पण मतदार याद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं आणि रात्री दहाला गटावर पडणारे "उद्या सकाळपर्यंत" असे निरोप हे फेऱ्या मारून जात नाहीत. आमच्या मुख्याध्यापकांनी संध्याकाळी सातनंतर शाळेच्या गटावर निरोप टाकायचे नाहीत असं ठरवलं, आणि तातडीचं असेल तर फोन करतात. माझ्या मते वर्षभरातला तो सगळ्यात मोठा आरोग्य-उपक्रम होता. कुणी फारच खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आमची शाळा दोन शिक्षकांची आहे. गट कसा करणार?

शिक्षण खात्याच्या एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या, चार-पाच शाळा मिळून करा, शिक्षण परिषदेला भेटता तेव्हा रक्तदाब मोजा. रोजचं मात्र मुलांबरोबरच होईल. लंगडी, खो-खो, लपंडाव, दोरीच्या उड्या यांत शिक्षक उतरला की त्याचा व्यायाम होतोच. अशा शाळेत वर्गाला एकटं टाकून स्वच्छतागृहात जायचं कसं, हा खरा पेच आहे. वेळा ठरवून एकाने दोन्ही वर्गांवर पाच मिनिटं नजर ठेवायची, असं जोडीदाराशी उघड बोलून घ्या. बाईमाणसाला हे बोलायला जड जातं, म्हणून सरांनीच आधी विषय काढावा.

उत्साह दोन महिन्यांत मावळतो. टिकवायचा कसा?

मावळतोच. जुलैत पावसाने फेऱ्या बंद पडतात, स्नेहसंमेलनाच्या दिवसांत कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. आम्ही ते धरूनच चालतो. पावसाळ्यात वऱ्हांड्यात पंधरा मिनिटं जागच्या जागी हालचाल करतो, परीक्षांच्या काळात फक्त पाण्याची घंटा आणि उसळीची पाळी सोडत नाही. बाकीचं बंद पडलं तरी कुणी कुणाला दोष देत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागतं तेव्हा पर्यवेक्षक तासांबरोबर फेऱ्यांचे तीन दिवसही त्याच तक्त्यात लिहितात.

गणिताच्या त्या सरांचा रक्तदाब आता गोळीवर आटोक्यात आहे. मोजायचं यंत्र त्यांच्याच कपाटात असतं, आणि दर सोमवारी मधल्या सुट्टीत ते टेबलावर मांडून बसतात. मागच्या सोमवारी नवीन लागलेला पंचविशीचा लिपिक "मला कशाला?" म्हणाला, तर सरांनी काही न बोलता त्याच्यासाठी खुर्ची ओढली.